‘मर्मबंधातली ठेव ही’ : बापाचं गाणं, लेकीच्या गळ्यातून

आज दिवसभर एकच गाणं डोक्यात बसलंय, ‘मर्मबंधातली ठेव ही’. पणजीहून फोंड्याला येताना बसमध्ये हेडफोन लावून आधी मास्टर दीनानाथांचं ऐकलं, जुनी तबकडी, नुसती खरखर, आवाज लांबून कुठून तरी येतोय असा, आणि ते संपलं की लगेच त्यांच्या लेकीचं, आशाताईंचं (आशा भोसले) लावलं. बाणस्तारीचा पूल गेला, मंगेशी आली तरी माझं तेच चाललेलं, एकदा हे एकदा ते.

तसं हे प्रेमाचं पद. १९३१ सालच्या ‘संन्यस्त खड्ग’ नाटकातलं, शब्द सावरकरांचे, चाल वझेबुवांची. त्यात बाप-लेक कुठेच नाहीत. पण आशाताई गातात तेव्हा मला त्यात कुणी प्रियकर दिसतच नाही, बापाचं बोट धरून भराभर चालणारी पोर दिसते. दीनानाथांची तान म्हणजे कशी, एका सुरावर आरामात बसून राहणारा गवई नव्हेच तो, झपकन वर जाणार आणि आपण सावरायच्या आत खाली येऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, हजर. आशाताई त्याच वाटेने जातात, तोच झपाटा, फक्त शब्दापाशी आल्या की जराशा रेंगाळतात. ते रेंगाळणं त्यांचं स्वतःचं, बाकी सगळं बाबांचं. मला तरी असंच ऐकू येतं.

आणि मग तारखा आठवतात. दीनानाथ गेले २४ एप्रिल १९४२ ला, पुण्यात, वय ४१. आशाताई तेव्हा आठ वर्षांच्या. आठ वर्षांच्या पोरीच्या वाट्याला बाप येतो तरी किती? लतादीदी थोड्या मोठ्या, त्यांना निदान शिकायला तरी मिळालं. तो किस्सा त्यांनीच सांगितलाय, वडील शिष्याला पूरिया धनाश्री शिकवून बाहेर गेले, तो चुकत होता तर एवढीशी लता त्याला नीट गाऊन दाखवायला लागली, तेवढ्यात बाबा परत आले आणि त्यांनी ते ऐकलं, दुसऱ्या दिवशी पहाटेच लेकीला तंबोऱ्यासमोर बसवलं. मला हे वाचताना नेहमी वाटतं की तोवर घरात इतकी वर्षं ही मुलगी नुसती ऐकत होती आणि कुणाला पत्ताच नव्हता. आशाताईंचंही ऐकणंच जास्त असणार.

अजून एक आहे. दीनानाथ स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले. बळवंत मंडळी या नाटक कंपनीच्या नाटकांत लुगडं नेसून, नायिका होऊन शृंगाराची पदं म्हणणारा हा माणूस घरी बाप होता. असल्या घरात मुलींच्या कानावर प्रेमाचं पद पहिल्यांदा पडलं ते बापाच्या आवाजात. मग मोठं झाल्यावर तसलं पद गाताना बाप आठवणार नाही तर कोण आठवणार?

आडनावाचंही तसंच. दीनानाथांच्या वडिलांचं हर्डीकर, पण आमच्या मंगेशीवरून त्यांनी मंगेशकर केलं. या गावाशी त्यांचं नातं साधं सरळ नव्हतं, आई देवळाच्या सेवेतली, भटजी वडिलांचं नाव काही मिळालं नाही, तरी गावाचंच नाव त्यांनी लावलं आणि मुलांना दिलं. बसच्या खिडकीतून तिथली माडाची झाडं बघताना हे मनात आलं आणि भरून आलं, खरंच.

घरी आल्यावर बाबांना दोन्ही ऐकवली. बाबांनी जत्रेच्या नाटकांत खूप वर्षं कामं केलीत, ‘सौभद्र’मधला कृष्ण तर गावाला अजून आठवतो, नाट्यपदांत त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. मास्टरांचं ऐकताना खुर्चीच्या हातावर ताल धरून बसले. आशाताईंचं सुरू झालं तर आधी म्हणाले, मास्टरांनंतर ते पद दुसऱ्या कुणी म्हणूच नये. मी म्हटलं बाबा, दुसरं कुणी कुठे, लेक आहे ती त्यांची. मग गप्प बसून ऐकू लागले. मध्येच हात वर करून मला थांबवायला लावलं, थोडं मागे घेतलं, परत ऐकलं आणि म्हणाले, ही जागा मास्टरांची नव्हे गो, ही हिची. आणि ती सुरावट स्वतः गुणगुणून दाखवली, खालच्या पट्टीत, कारण आता वर आवाज जात नाही. उद्या सकाळी पेटी काढून ती जागा मी त्यांच्याकडून नीट बसवून घेणार आहे.