सूटकेस स्मिथची वही: ११ सामन्यांत ६६४ मिनिटं

आइस हॉकीच्या गोलींचे आकडे मी एक्सेलच्या वहीत भरतो, आणि अट मोडली की खाना लाल होतो. लाल खाना अखेर हिरवा झाला. पाच मिनिटं अजून अंगावर आहेत, पण ११ सामन्यांत ६६४ मिनिटं जाळीपुढे उभा राहिलेला गोली आला कुठून, ते कळलं.

गेल्या नोंदीपर्यंत गॅरी स्मिथच्या एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली मुख्य हॉकी लीग) १५ ओळी भरल्या होत्या. हंगाम १४, पण १९७७-७८ मध्ये वॉशिंग्टन आणि मिनेसोटा अशा दोन ओळी. बेरीज ५३२ सामने, १७३ विजय, २६१ पराभव, ७४ बरोबरी. कारकिर्दीच्या छापील आकड्याशी तंतोतंत. टोरांटो, ओकलंड, शिकागो, व्हँकुव्हर, मिनेसोटा, वॉशिंग्टन, विनिपेग: विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. 'सूटकेस' हे नाव उगाच नाही पडलं.

नव्यानं वही धरणाऱ्यांसाठी ताळ्याची पद्धत एकदा. एकट्या गोलीची ओळ कधीच तपासायची नाही. त्या हंगामातले संघाचे सगळे गोली मांडायचे. कॅलिफोर्निया गोल्डन सील्स (ओकलंडचाच संघ), १९७०-७१ घ्या. विजय-पराभव-बरोबरी या क्रमानं: स्मिथ १९-४८-४ (एका हंगामात ४८ पराभव, हा विक्रमच), ख्रिस वर्दी १-३-१, स्नेडन ०-२-०. एकूण २०-५३-५, संघाचंही तेच. मिनिटं ३९७५ + ४८० + २२५ = ४६८०, म्हणजे बरोबर ७८ सामने गुणिले ६० मिनिटं. खाल्लेले गोल २५६ + ३९ + २१ = ३१६, संघावर झालेले ३२०. उरलेले चार रिकाम्या जाळीतले, ते कुणाच्याच नावावर चढत नाहीत. असा ताळा जमला की चहा दुप्पट गोड लागतो.

सरासरी काढताना सामन्यांनी भागू नका. २५६ भागिले ७१ केलं तर ३.६१ येतं, खरी सरासरी ३.८६, कारण सूत्र गोल गुणिले ६० भागिले मिनिटं असं आहे. ७१ सामन्यांची ४२६० मिनिटं होतात आणि स्मिथ खेळला ३९७५. फलंदाजीची सरासरी काढताना नाबाद डाव वगळतो ना, तसंच.

आता एक्सेलच्या अतिशहाणपणाबद्दल. शिकागो, १९७१-७२: एस्पोसिटो ३१-१०-६, स्मिथ १४-५-६. भारतीय तारखेची सेटिंग असेल तर पहिल्याचं होतं ३१ ऑक्टोबर २००६ आणि दुसऱ्याचं १४ मे २००६. १९-४८-४ ला मात्र हात लागत नाही, कारण ४८वा महिना नसतो. म्हणजे नेमके चांगले हंगाम खराब होतात आणि वाईट तसेच राहतात! विजय, पराभव, बरोबरी तीन वेगळ्या रकान्यांत लिहा. मिनिटंही साधा आकडा म्हणून. ५९:२० टंकलं की ते ५९ तास २० मिनिटं समजतं. (त्याच हंगामात स्मिथला फक्त २८ सामन्यांवर व्हेझिना ट्रॉफीत वाटा मिळाला. तेव्हा ती सर्वांत कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलींना जायची, शिकागोवर झाले होते १६६.)

तर मूळ दुखणं. १९७८-७९ मध्ये स्मिथ डब्ल्यूएचएत (एनएचएलची तेव्हाची प्रतिस्पर्धी लीग) गेला, आधी इंडियानापोलिस रेसर्स. ११ सामने, ०-१०-१, ६१ गोल, ६६४ मिनिटं. 'मिनिटं सामने गुणिले ६० पेक्षा जास्त नकोत' ही अट लगेच पेटली, कारण मर्यादा ६६०. आधी वाटलं छपाईची चूक. पण ६१ गुणिले ६० भागिले ६६४ केलं की ५.५१, छापील सरासरी तीच. आकडा बरोबर, अटच चुकीची.

पाणी मुरत होतं ओव्हरटाइममध्ये. एनएचएलच्या साखळी सामन्यांत १९४२ पासून १९८३-८४ पर्यंत ओव्हरटाइम नव्हता, म्हणून १५ ओळी बिनतक्रार बसल्या. डब्ल्यूएचएत मात्र बरोबरी झाली की १० मिनिटं जादा. स्मिथच्या नावावर एक बरोबरी आहे, म्हणजे मर्यादा निदान ६७०. खाना हिरवा.

संघाचा ताळा मात्र अडकला. डिसेंबर १९७८ मध्ये रेसर्सचा गाशा गुंडाळला तेव्हा २५ सामने झाले होते, ५-१८-२. स्मिथ ०-१०-१, इनेस ३-६-०, मिओ २-२-१: इथे जमतं. मिनिटं ६६४ + ६०९ + २४२ = १५१५. दोन बरोबऱ्यांची २० मिनिटं धरून निदान १५२० हवीत. पाच कमी.

आधी संशय गेला तो गोली बाहेर काढून जादा खेळाडू उतरवण्याच्या वेळेवर. १८ पराभवांत ती पाच मिनिटं सहज भरतात. पण हे लिहिता लिहिताच व्हँकुव्हरचं १९७४-७५ चं पान उघडलं. स्मिथ ३८२८, लॉकेट ९१२, बुलक ६०, एकूण ४८००. रिकाम्या जाळीत पाच गोल होऊनही मिनिटं पूर्ण ८० गुणिले ६०. सील्सचंही तसंच. म्हणजे एनएचएलच्या या बेरजांत तो वेळ वजा झालेला नाही. मग डब्ल्यूएचएत झाला का? रेसर्सनंतर स्मिथ गेला त्या विनिपेग जेट्सचं १९७८-७९ चं पान भरायचं, सगळे गोली, सगळ्या बरोबऱ्या. तिथेही तूट निघाली तर प्रश्न लीगच्या हिशोबाचा, नाही तर रेसर्सचे २५ सामने एकेक करून तपासायचे.

विनिपेगची दुसरी मेख: स्मिथ तिथे दोन हंगाम, पहिला डब्ल्यूएचएत (११ सामने, ७-३-०, ६२६ मिनिटं, ३१ गोल), दुसरा एनएचएलमध्ये (२० सामने, ४-११-४). एक्सेलचं पिव्हट (गटवार बेरीज) फक्त क्लबवर लावलं की दोन्ही एकत्र होतात आणि ५३२ चे ५४३. प्रत्येक ओळीची ओळख हंगाम, लीग, क्लब अशी तिहेरीच हवी. सील्सची नावं तर सतत बदलत राहिली, म्हणून क्लबला एक कायमचा कोड आणि नाव वेगळ्या रकान्यात. आणि रेसर्सच्या ५.५१ नि जेट्सच्या २.९७ ची साधी सरासरी ४.२४ धरू नका. ९२ गुणिले ६० भागिले १२९० म्हणजे ४.२८.

प्लेऑफ स्वतंत्र पानावर. तिथली एक ओळ मात्र आत्ताच भरली: २० मे १९७९, जेट्स ७-३ नं जिंकले, चषकही घेतला, आणि शेवटच्या क्षणी एडमंटनच्या डेव्ह सेमेन्कोनं मारलेला, डब्ल्यूएचएच्या इतिहासातला शेवटचा गोल गेला तो स्मिथच्याच जाळीत.

पुढचा गोली शॉन बर्क ठरला होता. तो थांबवतोय. १९९७-९८ मध्येच त्याचे तीन संघ, कॅरोलिना, व्हँकुव्हर, फिलाडेल्फिया, आणि तोपर्यंत एनएचएलमध्ये पाच मिनिटांचा ओव्हरटाइम आलेला. आधी जादा मिनिटांचा रकाना, मग जेट्स, मग बर्क.