घोडबंदर किल्ल्याजवळ बरणी सापडली!

रविवारी पहाटेच ठाण्याहून स्कूटी काढली, नऊनंतर घोडबंदर रोडला कोण मरायला जाईल. भाच्याला लेटरबॉक्सिंगचं खूळ लागलंय. पोस्टाची पेटी नाही हां, कुणीतरी लपवलेला डबा, आत वही आणि रबरी शिक्का, त्यांचा शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला त्यांच्या, आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. १८५४ मध्ये इंग्लंडात डार्टमूरच्या माळावर एका वाटाड्याने बाटली ठेवली, लोक त्यात व्हिजिटिंग कार्ड टाकायचे, तिथून हे सुरू.

क्लू होता: १७३७ ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला, खाडीकडे पाठ, तिसरं झाड. झाडं मोजण्यात अर्धा तास गेला कारण मधलं एक कुणीतरी तोडलेलं!! शेवटी मुळाशी दगडाआड लोणच्याची बरणी, झाकणाला काळी टेप, वास अजून कैरीचाच. बरं झालं तटाच्या भिंतीत नाही खुपसली, तिथले दगड हलवले असते तर मी स्वतः भांडलो असतो. शिक्का खोडरबर कोरून केलेला, एवढीशी तोफ. इंकपॅड मात्र खडखडीत वाळलेलं, बाटलीतलं पाणी शिंपडून कसंबसं उमटवलं.

आमचा शिक्का बटाट्याचा, मोदक कोरलेला. वहीत लसणाची पाकळी दिसतेय.