ब्रेकची डिस्क निघत नाही म्हणे! माझा अनुभव

"डिस्क निघतच नाहीये साहेब. हब बेअरिंगसकट बदलावं लागेल." गॅरेजमधून आलेला हा फोन आठवला की अजून डोकं तापतं. (डिस्क म्हणजे ब्रेकची, चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी; हब म्हणजे ती ज्यावर बसते तो भाग.)

गाडी माझी 2009 ची पेट्रोल स्विफ्ट. घर रत्नागिरीत, समुद्राच्या अगदी जवळ. खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे चाकातल्या उघड्या बिडाची काय कथा. कोल्हापूरहून परतताना आंबा घाटात ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात थडथडायला लागलं. मागे आई बसलेली. साखरपा येईपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच उतरलो. दोनच महिन्यांपूर्वी त्याच गॅरेजने नवे ब्रेक पॅड टाकले होते, पण डिस्कची जाडी मोजायची तसदी कुणी घेतली नव्हती. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. मी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर डिस्क त्याच्याही खाली गेलेली, कडेला नखात अडकेल एवढा काठ. तरी उपाय काय, तर अख्खा हब बदला! गाडी परत आणली तेव्हा डिस्कच्या कडेवर हातोड्याचे ताजे घाव होते. त्या दिवशी ठरवलं, हे काम मीच करणार.

दोन डिस्क आणि पॅडचा नवा सेट आणला. शनिवारी सकाळी चाक काढलं, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सोडवून तारेने स्प्रिंगला टांगला (ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका, पाइप आतून फाटतो), तो ज्यावर बसतो ते ब्रॅकेटही निघालं. तासाभरात इथवर आलो.

आणि मग डिस्क. गंज सोडवणारा स्प्रे मारला, अर्धा तास थांबलो, रबरी हातोड्याने चहूबाजूंनी ठोकलं. ढिम्म. पुन्हा स्प्रे, पुन्हा ठोकणं. दुपारी जेवून आलो, लाकडाचा ठोकळा मधे धरून लोखंडी हातोडा घेतला. डिस्क घंटेसारखी वाजायची, हलायची मात्र नाही. रात्रभर स्प्रे मुरू दिला. रविवारी सकाळीही तेच. खांदे भरून आले होते आणि गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं निघतंय की काय, ही धास्ती वेगळीच.

आवाज ऐकून शेजारचे काका आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. म्हणाले, "अरे, मारतोस कशाला? बेअरिंगची वाट लावशील. ती दोन भोकं दिसत नाहीत का?"

चाकाचे नट ज्यावर बसतात त्या चार स्टडच्या मधे, समोरासमोर, दोन बारीक खळगे होते. गंजाने इतके बुजलेले की ते भोक आहे हे कळायलाच मार्ग नव्हता. खिळ्याने उकरलं तर आत आटे! कंपनीने ती भोकं याच कामासाठी ठेवलेली असतात. त्यात 8 मिलिमीटरचे बोल्ट आवळत न्यायचे. बोल्टचं टोक मागच्या हबला टेकलं की तोच डिस्कला बाहेर ढकलतो. घरातला साधा बोल्ट घातला तर त्याचेच आटे गेले. मग रविवारी उघडं असलेलं एक हार्डवेअरचं दुकान शोधून पूर्ण लांबीला आटे असलेले दोन हायटेन्साइल (जास्त मजबूत) बोल्ट आणले, डोक्यावर मजबुतीचा आकडा 8.8 कोरलेला. भोकात तेल सोडलं. आट्यांमधलं अंतर 1.25 मिलिमीटर, तेव्हा बोल्ट आधी हाताने फिरतो का ते बघा, जबरदस्ती नको. एक बोल्ट पाव फेरा, मग दुसरा पाव फेरा. एकच आवळत सुटलात तर डिस्क तिरकी होऊन आणखी घट्ट बसेल. पाना जड झाला, मी थांबलो, काका म्हणाले "आवळ", आणि खाडकन आवाज झाला. विटेच्या चुऱ्यासारखा गंज खाली सांडला आणि डिस्क माझ्या हातात आली. दीड दिवसाचं काम दहा मिनिटांत! मी ओरडलोच. दुसऱ्या बाजूची डिस्क तर चहा येईपर्यंत निघाली.

पुढे घाई करू नका. हबचा चेहरा वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करा. तिथे गंजाची खपली राहिली तर नवी डिस्क डगमगत फिरते आणि काही महिन्यांत तीच थडथड परत येते. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसून काढा. नवे पॅड बसवण्यासाठी कॅलिपरमधला पिस्टन आत दाबताना वर टाकीतलं ब्रेक ऑइल चढतं. ते रंगावर सांडलं तर रंग उठतो, फडकं जवळ असू द्या.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. माझ्याकडे गाडीखाली लावायचे स्टँड होते. नसतील तर हे काम घरी करू नका. ब्रॅकेटच्या बोल्टपर्यंत पाना पोचत नसेल तर स्टेअरिंग पूर्ण वळवून घ्या.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पंप करायलाच हवं, पहिल्या दाबाला ते थेट खाली जातं. नंतर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून हातखंब्याच्या दिशेने रिकामा रस्ता बघून 50 च्या वेगावरून 10 पर्यंत, असे आठ-दहा ब्रेक मारले, मधे डिस्क थंड होऊ देत.

गेल्या आठवड्यात आईला घेऊन पुन्हा आंबा घाट उतरलो. स्टेअरिंग स्थिर होतं. ते दोन बोल्ट ग्रीस लावून डिकीत ठेवलेत. रत्नागिरीत कुणाची डिस्क अडली तर हक्काने मागून न्या.