मेनूत विंडोजची ओळच नाही : दुकानाच्या डेस्कटॉपची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत दुकानाच्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन 13 हे लिनक्स बसवल्याचं मोठ्या आनंदानं लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी आप्पांनी दुकान उघडलं, मशीन चालू केलं आणि मला फोन लावला, "भाऊ, मना हिसाब कोठे गया रे?"

ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना कुठली सिस्टीम उघडायची ते विचारणारा प्रोग्राम. त्याच्या निळ्या मेनूत डेबियन होतं, त्याचे प्रगत पर्याय होते, फर्मवेअर (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) सेटिंगची ओळ होती. विंडोज नव्हतं.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमळनेरला आमचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. उधारीची सगळी खाती विंडोज 10 वरच्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मशीन चौथ्या पिढीचं कोअर आय-3, 8 जीबी रॅम. विंडोज 11 त्यावर रीतसर बसत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणून बेत असा केला की नेटची कामं डेबियनवर, आणि हिशोब नेट काढलेल्या विंडोजवर. त्यासाठी दुसरी एसएसडी घातली आणि डेबियन तिच्यावर टाकलं. विंडोजच्या एसएसडीला हातही लावला नव्हता, त्यामुळे डेटा गेला असेल अशी भीती नव्हती. पण मे संपत आला होता. पहिला पाऊस पडला की कापसाच्या बियाण्यासाठी दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. त्याआधी हे मिटवायला हवं होतं.

पहिली रात्र. मशीन सुरू होताना एफ-12 दाबून फर्मवेअरची यादी उघडली. तिथे विंडोजची एसएसडी दिसली, निवडली, विंडोज नीट उघडलं. आप्पांचा सकाळचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला. त्यांना एफ-12 दाखवून ठेवलं. विंडोज शाबूत आहे, फर्मवेअरला ते माहीत आहे, फक्त ग्रबला माहीत नाही, एवढं पक्कं झालं. मेनूतली ओळ गायब झाली की घाईनं पुन्हा सगळं इन्स्टॉल करणारे खूप पाहिलेत. ओळ फर्मवेअरच्या यादीतून गेलीय, ग्रबच्या मेनूतून गेलीय की डिस्कवरूनच गेलीय, हे तिन्ही आजार वेगळे आहेत. आधी आजार ओळखायचा, मग औषध.

डेबियनमध्ये जाऊन 'सुडो अपडेट-ग्रब' ही मेनू नव्यानं बनवणारी आज्ञा चालवली. इशारा आला : दुसऱ्या सिस्टीम शोधण्यासाठी ओएस-प्रोबर चालवला जाणार नाही. हे कारण ओळखीचं होतं. 2021 साली आलेल्या ग्रब 2.06 पासून ओएस-प्रोबर मूळ सेटिंगमध्येच बंद असतो. तो मशीनवरचं प्रत्येक पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, उघडून आत डोकावतो, आणि परक्या डिस्कवरचं काहीही असं आपोआप वाचणं सुरक्षिततेच्या दृष्टीनं धोक्याचं मानलं गेलं. उपाय सोपा. 'एटसी' मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरात 'ग्रब' नावाची फाईल आहे. तिच्यात 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' ही ओळ (मोठी अक्षरं, शब्दांमध्ये अंडरस्कोर) 'फॉल्स' करायची आणि पुन्हा अपडेट-ग्रब. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं काम इथेच संपेल.

माझं संपलं नाही. ओएस-प्रोबर चालला, आणि त्याला काहीच सापडलं नाही.

दुसरी रात्र. उकाडा असा की बारा वाजता पंख्याची हवाही गरम लागत होती. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, पार्टिशन अर्धवट झोपलेलं राहतं, आणि लिनक्सला ते उघडताना अडचण येते. तो संशय आधी फेडला. फास्ट स्टार्टअप बंद केलं, विंडोज पूर्ण शटडाऊन केलं, पुन्हा प्रयत्न केला. फरक नाही. मग लॉग उघडला आणि ओएस-प्रोबरच्या नावाच्या ओळी एकेक वाचल्या. त्यात एक ओळ होती, तिचा अर्थ असा : ही यूईएफआय सिस्टीम आहे, म्हणून लेगसी बूटलोडर सोडून देतोय. (यूईएफआय ही मशीन सुरू करण्याची नवी पद्धत, बायोस किंवा लेगसी ही जुनी; बूटलोडर म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम.)

तिथे डोक्यात प्रकाश पडला. या मशीनवर मुळात विंडोज 7 होतं, त्याचंच पुढे 10 झालं. म्हणजे विंडोज जुन्या बायोस पद्धतीनं, एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) डिस्कवर बसलेलं. मी डेबियन मात्र पेनड्राईव्हवरून यूईएफआय मोडमध्ये टाकलं होतं. यूईएफआय मोडमध्ये सुरू झालेला ग्रब बायोस मोडच्या विंडोजला सुरू करून देऊ शकत नाही. दोन्ही पद्धतींची सुरुवातच वेगळी आहे : एकीत फर्मवेअर डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला कोड चालवतं, दुसरीत फॅट पार्टिशनमधली '.ईएफआय' फाईल. ओएस-प्रोबर शहाणाच निघाला, चालणारच नाही अशी ओळ त्यानं मेनूत घातली नाही.

खात्री करायची असेल तर तीन ठिकाणी बघा. लिनक्समध्ये 'सिस' च्या आत 'फर्मवेअर' मध्ये 'ईएफआय' फोल्डर असेल तर लिनक्स यूईएफआयमध्ये चालू आहे. 'एफडिस्क' च्या यादीत विंडोजच्या डिस्कसमोर लेबल 'डॉस' दिसलं तर ती एमबीआर. आणि विंडोजमध्ये 'एमएसइन्फो32' उघडलं की बायोस मोडसमोर 'लेगसी' किंवा 'यूईएफआय' स्पष्ट लिहिलेलं असतं. माझ्याकडे तिन्ही उत्तरं एकाच दिशेनं आली. खरं तर खूण पहिल्याच रात्री समोर होती : एफ-12 च्या यादीत डेबियनसमोर 'यूईएफआय' लिहिलेलं होतं, विंडोजच्या एसएसडीसमोर नुसतं डिस्कचं नाव.

आता रस्ते दोन. डेबियन पुसून लेगसी मोडमध्ये पुन्हा टाकायचं, किंवा विंडोजची डिस्क जीपीटी (तीच नोंद ठेवण्याची नवी पद्धत) करून त्याला यूईएफआयवर आणायचं. मी दुसरा निवडला. पुढेमागे नवी डिस्क किंवा नवं मशीन आलं तरी ही पद्धत टिकणारी आहे.

तिसरी रात्र, रविवार, दुकान लवकर बंद. विंडोज 10 मध्ये 1703 आवृत्तीपासून 'एमबीआर2जीपीटी' हे साधन आतच आहे. ते डेटा न पुसता डिस्क बदलतं, पण आधी 'व्हॅलिडेट', म्हणजे तपासणी, करायचं असतं. विंडोजमधूनच चालवत असाल तर 'अलाऊ फुल ओएस' हा पर्यायही द्यावा लागतो. माझं व्हॅलिडेट नापास झालं. कारण पार्टिशन : सिस्टीम रिझर्व्हड, सी, डी आणि रिकव्हरी, चार प्रायमरी. या साधनाला जास्तीत जास्त तीन चालतात, आणि एक्स्टेंडेड तर अजिबात नाही. डी मध्ये खात्यांचे बॅकअप होते. ते बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतले, शिवाय एक प्रत पेनड्राईव्हवर, आणि दोन्हीकडून एकेक फाईल उघडून पाहिली. कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं मी मानत नाही, उघडली तरच झाला. मग डी काढून टाकलं. व्हॅलिडेट पास.

बदल करण्याआधी मशीनची पिन इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावली. उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि या कामाच्या मध्ये ती जाऊन चालणार नव्हतं. ज्यांच्याकडे बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं साधन) चालू आहे त्यांनी तो आधी थांबवावा आणि 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. 'कन्व्हर्ट' दिल्यावर काम फार लवकर झालं, चहा गार व्हायच्या आत. त्यानंतर फर्मवेअरमध्ये जाऊन लेगसी सपोर्ट, म्हणजे सीएसएम, बंद केला. हे विसरलात आणि मशीन जुन्या मोडमध्येच सुरू झालं तर विंडोज उघडणार नाही, कारण जुनी वाट आता उरलेलीच नसते.

विंडोज सुरू झालं. खाती तपासली, शेवटची पावती जागेवर.

पण आता डेबियनचा मेनू दिसेना! मशीन सरळ विंडोजमध्ये जात होतं. क्षणभर धस्स झालं. नव्यानं तयार झालेली 'विंडोज बूट मॅनेजर' ही नोंद क्रमात पहिली बसली होती, एवढंच. एफ-12 ने डेबियन निवडलं, आत जाऊन 'ईएफआयबूटएमजीआर' चालवलं, दोन्ही नोंदी दिसल्या, क्रम बदलून डेबियन पहिलं केलं. मग अपडेट-ग्रब. ज्या ओळीसाठी तीन रात्री जागलो ती आली : विंडोज बूट मॅनेजर सापडला, ईएफआयच्या पार्टिशनवर, मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात.

ग्रबच्या फाईलीत आणखी दोन बदल केले. थांबण्याचा वेळ 5 सेकंदांवरून 15 वर नेला, कारण आप्पा चष्मा शोधेपर्यंत तेवढा लागतो. आणि 'डिफॉल्ट' ला 'सेव्हड' ठेवून 'सेव्ह डिफॉल्ट' चालू केलं. म्हणजे काल विंडोज निवडलं असेल तर आज तेच निवडलेलं येतं, त्यांना बाण हलवावा लागत नाही.

एक काम मात्र लक्षात आलं नव्हतं, ते आप्पांनी पकडलं. सकाळी 9 वाजता केलेल्या पावतीवर पहाटे 3.30 छापलं गेलं. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं, आणि आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा. उधारीच्या पावतीवर वेळ चुकीची म्हणजे शेतकऱ्याशी उगाच वाद. डेबियनमध्ये 'टाईमडेटसीटीएल' ला 'सेट लोकल आरटीसी 1' दिलं, विंडोजमध्ये वेळ एकदा सारखी केली. लिनक्सच्या बाजूनं यूटीसी ठेवणंच जास्त योग्य, हे मला मान्य आहे, पण दुकानाच्या विंडोजची रजिस्ट्री (आतल्या सेटिंगांचा साठा) हंगामाच्या तोंडावर छेडायची नव्हती.

नंतर डेबियनच्या इन्स्टॉलरचे टप्पे पुन्हा आठवून पाहिले. पार्टिशनच्या आधी एक प्रश्न येतो : मशीन यूईएफआयमध्ये सुरू झालंय, पण आधीची सिस्टीम बायोस पद्धतीची दिसते; यूईएफआयमध्येच पुढे गेलात तर ती नंतर सुरू करणं अवघड जाऊ शकतं, तरीही जायचं का? पहिल्या वेळी मी तिथे न वाचता 'हो' केलं होतं. तुमच्याकडे तो पडदा आला तर तिथेच थांबा, 'मागे' निवडा आणि विंडोजमध्ये जाऊन बायोस मोड बघून या.

आप्पांचा फोन परवा आला होता, पण तो प्रिंटरच्या शाईसाठी. ग्रबबद्दल काही बोलले नाहीत.