तुम्ही विचारलेत म्हणून: घरासाठी पिंपाचा स्मोकर निवडताना

घरच्या पाच-सहा माणसांसाठी कोळशावर चालणारा स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवण्याचे साधन, घ्यायचे आहे, तो पिंपाच्या आकाराचा घ्यावा का, आणि घेतलाच तर त्याच्यासोबत आणखी काय काय घ्यावे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याने बहुधा आकार आणि सोबत मिळणाऱ्या वस्तूंची तुलना आधीच केलेली असते. मी त्याला सर्वांत आधी झाकण तपासायला सांगते, कारण पिंपाचा स्मोकर म्हणजे मुळात हवा मोजून आत सोडण्याचे साधन आहे, आणि हवा जिथून नको तिथून शिरत असेल तर बाकीच्या सगळ्या सोयी असून नसल्यासारख्या होतात.

त्याची रचना अगदी साधी असते. उभ्या पोलादी पिंपाच्या तळाशी जाळीच्या टोपलीत कोळसा, तळाजवळ हवेसाठी एक झरोका, वरच्या कडेखाली दोन आडव्या सळ्या, त्या सळ्यांना आकड्यांनी टांगलेले मांस आणि वर झाकण. ज्या स्मोकरमध्ये निखारे आणि अन्न यांच्यामध्ये पाण्याचे पात्र असते, त्यात आच आडून लागते; पिंपात मध्ये काहीच नसते. मांसातून सुटणारी चरबी आणि रस थेंबाथेंबाने निखाऱ्यांवर पडतात, चर्र होऊन त्यांची वाफ आणि धूर होतो आणि तोच धूर वर जाताना मांसावर बसतो. पिंपातल्या जेवणाची ओळखीची चव मुख्यतः या थेंबांची असते, लाकडाच्या धुराची भर त्यानंतर पडते. ज्यांना ही चव हवी आहे त्यांनी पिंप घ्यावे. ज्यांना बारा तास अगदी मंद, एकसारखी आच हवी असेल त्यांना मी पाण्याचे पात्र असलेला स्मोकर सुचवते.

आता झाकणाविषयी. निखाऱ्यांना जेवढी हवा मिळते तेवढीच धग ते देतात. झरोका थोडा मिटला की आच उतरायला हवी, पण झाकणाच्या कडेतून हवा शिरत असेल तर झरोका मिटूनही कोळसे फुलतच राहतात. म्हणून घेण्यापूर्वी एक गोष्ट करून पाहावी. मोबाइलचा टॉर्च लावून तो पिंपात ठेवावा, झाकण लावावे, झरोका पूर्ण बंद करावा आणि आसपासचा उजेड कमी करून कडेभोवती एक फेरी मारावी. सळ्यांसाठी पाडलेल्या भोकांतून प्रकाश दिसणारच. अनेक पिंपांत धूर बाहेर जाण्याची वाट तीच असते. पण झाकणाच्या बुडाशी प्रकाशाची अखंड रेघ दिसली, तर ते झाकण नीट बसत नाही हे उघड आहे. त्यानंतर झरोक्याची पट्टी बोटाने हलवून पाहावी. ती थोडी घट्ट असावी आणि जिथे सोडली तिथेच थांबावी.

आकाराच्या बाबतीत बहुतेकांचा कल मोठ्याकडे असतो. पूर्ण मापाचे पोलादी पिंप 55 गॅलनचे, म्हणजे सुमारे 208 लिटरचे असते, आणि त्याचा व्यास साधारण 57 सेंटिमीटर भरतो. 30 गॅलनच्या, म्हणजे सुमारे 114 लिटरच्या पिंपाचा व्यास त्याहून दहा सेंटिमीटरभर कमी असतो. आडव्या जाळीवर हा फरक मोठा वाटतो, पण टांगून शिजवताना जागा उंचीची मिळते, त्यामुळे लहान पिंपातही सहा-आठ आकड्यांवर सहा माणसांचे जेवण सहज होते. घरात रोज जेवणारी माणसे मोजून पिंप घ्यावे, वर्षातून एकदा जमणाऱ्या पाहुण्यांचा आकडा धरू नये. मोठे पोलाद तापवायला दर वेळी जास्त कोळसा जातो आणि तेवढ्यासाठी मग स्मोकर पेटवण्याचाच कंटाळा येऊ लागतो.

जुने पिंप आणून स्वतः स्मोकर बनवावा का, असेही विचारले जाते. आधी त्यात काय साठवले होते हे खात्रीने ठाऊक नसेल, तर माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. अनेक पिंपांना आतून लेप दिलेला असतो आणि तो पूर्ण जाळून, घासून काढल्याशिवाय त्यात अन्न शिजवता येत नाही. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे आणि सळ्याही आगीजवळ वापरू नयेत, कारण फार तापल्यावर त्यातून अपायकारक धूर निघतो. तयार पिंपावरचा काचेसारखा एनॅमलचा थर गंजापासून चांगले रक्षण करतो. मात्र ठोकर लागून त्याचा टवका उडाला तर तिथून गंज धरतो, म्हणून घेताना कडा नीट पाहून घ्याव्यात.

सोबतच्या वस्तूंमध्ये माझ्या मते पहिला मान थर्मामीटरचा, आणि तोही टोचून आतले तापमान दाखवणाऱ्याचा. यामागे एक प्रसंग आहे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा कोंबडीचे दोन अर्धे भाग बाहेरून सुंदर तांबूस झाले होते, झाकणावरची तापमानाची तबकडीही योग्य आकडा दाखवत होती, आणि मी ते मुलांच्या ताटांसमोर कापले. मांडीच्या हाडाजवळचा भाग गुलाबी होता. तो कच्चा होता की शिजलेला, हे मला सांगता येईना, कारण धुरावर शिजलेले मांस पूर्ण शिजूनही गुलाबी राहू शकते. भुकेली मुले तशीच ठेवून मी सगळे परत पिंपात टांगले. त्या दिवसापासून मी रंगावर विसंबत नाही. कोंबडीचा सर्वांत जाड भाग, हाडाला टोक न लावता, 74 अंश सेल्सिअसला पोहोचला पाहिजे आणि मटणाच्या खिम्याचे पदार्थ 71 अंशांना. झाकणावरची तबकडी फक्त तिच्याजवळच्या हवेचे तापमान सांगते. मांसाच्या आत काय चालले आहे ते तिला कळत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे कोळसा पेटवण्याची चिमणी, म्हणजेच दांडा असलेला पत्र्याचा नळकांडा. खाली कागद पेटवला की पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांवर राखेचा पांढुरका थर धरतो. पेटवण्याचे द्रव इंधन मी वापरत नाही, कारण त्याचा वास बंद पिंपात अन्नाला लागतो. टोपलीतला बराचसा कोळसा न पेटवताच ठेवायचा आणि चिमणीतले थोडे निखारे त्यावर ओतायचे, म्हणजे आग हळूहळू खाली पसरत जाते आणि कित्येक तास पुरते. एकसारख्या आकाराच्या ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या, या पद्धतीला सोयीच्या पडतात. अखंड लाकडी कोळसा लवकर तापतो, पण त्याची आच कमी-जास्त होते. साधारण 120 ते 150 अंशांच्या दरम्यान पिंप स्थिरावले की झरोक्याला हात लावू नये. लावलाच तर परिणाम दिसायला पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. आच चढवणे सोपे असते आणि चढलेली आच उतरवणे फार अवघड, म्हणून तापमान खालून हळूहळू वर न्यावे. झाकण वारंवार उघडणाऱ्याला हे कधीच साधत नाही, कारण उघडल्याबरोबर निखाऱ्यांना भरपूर हवा मिळते आणि त्यांवर पडलेली चरबी भडकते.

धुरासाठी फळझाडांचे किंवा ओकसारखे कठीण, वाळलेले लाकूड मुठीएवढ्या दोन-तीन तुकड्यांत पुरते. चिकाचे, राळेचे लाकूड कधीही घालू नये. लाकूड भिजवण्याची गरज नाही, पाणी फारसे आत मुरत नाही आणि ते वाफ होऊन जाईपर्यंत नुसता खोळंबा होतो. दाट पांढरा धूर अन्नाला कडवट करतो, म्हणून तो विरून पातळ निळसर झाल्यावरच मांस टांगावे. कोंबडीचा आकडा छातीच्या भागात अडकवून तंगडी खाली येऊ द्यावी, कारण निखाऱ्यांजवळची जास्त धग तंगडीला सोसते आणि छातीचे मांस मात्र तिथे कोरडे पडते.

उरलेल्या वस्तूंत कोपरापर्यंत येणारे उष्णतारोधक हातमोजे, भाज्या आणि लहान तुकड्यांसाठी एक जाळी आणि राख पकडणारे तबक एवढे पुरे आहे. तारेचा ब्रश घेऊ नये; त्याची सुटलेली तार जाळीवरून घासात जाऊ शकते. आपोआप हवा सोडणारा पंखा पहिले वर्षभर तरी नको, कारण तो आला की झरोका किती उघडला असता आच किती चढते हे हाताला कळत नाही. पिंप नेहमी उघड्यावरच पेटवावे, गॅरेजमध्ये किंवा छपराखाली नव्हे; कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जेवण उतरवले की मी झरोका मिटते, सळ्या काढून त्यांची भोके फॉइलच्या गोळ्यांनी बुजवते आणि झाकण लावून टाकते. हवा तुटली की निखारे आपोआप विझतात. दुसऱ्या दिवशी, पिंप पूर्ण थंड झाल्यावर, टोपली हलवून राख खाली पाडते आणि ती झाकणाच्या धातूच्या डब्यात आणखी दोन दिवस राहू देते, कारण राखेच्या पोटात ठिणगी बराच काळ जिवंत राहू शकते. टोपलीत उरलेला काळा कोळसा पुढच्या वेळी तळाशी तसाच राहतो आणि नवा त्याच्यावर भरला जातो.