२५ मिमीची शीट भरली २३.२

मंडळी, माझ्या अॅक्रिलिकच्या फिशटँकच्या समोरच्या पॅनलची शीट एकदाची आली. लेबलवर २५ मिमी. व्हर्नियर लावला तर एका लांब कडेला २३.२, दुसऱ्या कडेला २४.६. दुकानदाराला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "ताई, कास्टमध्ये थोडं मागंपुढं राहतेच."

डोकं फिरलं, पण माणूस खोटं बोलत नाही. कास्ट शीट दोन काचांच्या मधे ओतून बनते, जाडी एकसारखी येतच नाही. अशा शीटच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ७८२३-१ मध्येच, ०.४ मिमी अधिक जाडीच्या १० टक्के एवढी सूट आहे. म्हणजे २५ ला २.९ मिमी इकडेतिकडे! एक्स्ट्रुडेड जाडीला पक्की असते, पण सॉल्व्हंट लागला की बारीक चिरा पडायची भीती. टँकला नकोच.

आता बाक, म्हणजे पाण्याच्या रेट्यानं पॅनल बाहेर किती फुगतं ते. तो जाडीच्या घनावर चालतो, त्यामुळे १.८ मिमी कमी भरली की बाक थेट २५ टक्क्यांनी वाढतो. आठ फूट लांबी आणि ७५ सेंमी पाणी धरलं तर समोरच्या पॅनलवर एकूण रेटा सुमारे ६८५ किलो. (टँकची पुढून मागे रुंदी कितीही करा, हा आकडा हलत नाही. हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंच.) वरची कड युरोब्रेसनं (टँकच्या तोंडावर चारी बाजूंनी बसणारी आडवी चौकट) पक्की धरलीय असं मानून हिशेब केला: २५ ला ३.३ मिमी, २३.२ ला ४.१. ताण ३ मेगापास्कलच्या आत, म्हणजे फुटायचं भय नाही. पण हे पहिल्या दिवसाचे आकडे. अॅक्रिलिक सततच्या भाराखाली हळूहळू आणखी वाकत राहतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ते आणखी नरम पडतं.

३० मिमी मागवायच्या बेतात होते. पण हिशेबाची वही पुन्हा उघडली आणि उंचीवर नजर गेली. लांब पॅनल वर-खाली धरलेलं असेल तर बाक पाण्याच्या उंचीच्या पाचव्या घातानं वाढतो! ७५ चे ७० सेंमी केले की तीच २३.२ ची शीट २.९ मिमीवर येते, खऱ्या २५ पेक्षाही कमी. जातात फक्त ९० लिटर. ऑस्कर माशाला पोहायला लांबी हवी, उंची नव्हे. आणि तळ साफ करताना माझा हातही पोचेल. ३० मिमी रद्द. जाड कड खाली ठेवणार, कारण दाब तिथेच जास्त.

यात सगळा भार युरोब्रेसवर आहे. वरच्या कडेला एकूण रेट्याचा जवळपास तिसरा हिस्सा येऊ शकतो, म्हणजे दोनेकशे किलो. म्हणून सुट्या पट्ट्या चिकटवणं बाद. अख्ख्या शीटमध्ये राउटरनं तीन खिडक्या कापायच्या, आतले कोपरे गोल, मधे दोन आडवे पूल. चौकोनी कोपरा ठेवला तर चीर तिथूनच सुरू होणार. कडा ज्योतीनं चमकवून देतो म्हणणाऱ्या साइनबोर्डवाल्याला हात जोडले. त्यांचा क्लोरोफॉर्मही अक्षरांपुरताच ठीक, सांध्यांना वेल्ड-ऑन ४० हा अॅक्रिलिक जोडायचा सिमेंट.

स्टँडचं फारसं सांगण्यासारखं नाही. ५० बाय ५० मिमीचा एमएस (साधं पोलाद) चौकोनी पाइप, वर लकडगंजातून आणलेली १८ मिमी मरीन प्लाय, दोन थर. मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, आयएस ७१० चा, शिक्का बघूनच घेतली. अॅक्रिलिकचा तळ पूर्ण टेकलेला हवा, काचेसारखं नुसत्या कडांवर भागत नाही. जागा तळमजल्यावरच: घराच्या स्लॅबला इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५ चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरतं, आणि इथे नुसतं पाणीच सातशे.

हे लिहिताना आणखी एक सुचतंय. उंची उतरवलीच आहे, तर मागचं पॅनल २० मिमीचं चालेल का? ७० सेंमीला बाक ४.६ येतोय. मागची बाजू कोण बघतंय, पण सांध्यावरचा ताण वाढेल. मधे तिसरा पूल टाकून बघते. कूलरसमोर शीट ठेवू नका एवढं मात्र आत्ताच सांगते. एका बाजूनं दमट हवा लागली की ती कटिंगआधीच वाकते. टँकखाली फोम घालायचा की नाही, यावर प्लाय सपाट निघाली तर नाही, असं सध्या ठरलंय. रविवारी प्लायवर सरळपट्टी फिरवणार, त्यानंतरच कटिंग.