सहा डॉलर आणि पाऊण तास

गुरुवार, रात्री

हाताशी भांडवल नसताना धंदा कसा उभा राहतो हे समजून घ्यायचं असेल तर हॉटेलांतलं जेवण घरपोच देणाऱ्या डोअरडॅश या अमेरिकन कंपनीचे पहिले महिने बारकाईने बघावेत, असं मला मनापासून वाटतं. जानेवारी २०१३, कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो. स्टॅनफर्डच्या चार विद्यार्थ्यांनी एका दुपारीत साधं वेबपेज टाकलं. त्यावर आसपासच्या हॉटेलांच्या मेनूच्या पीडीएफ आणि एक फोन नंबर, एवढंच. पैसे घ्यायला स्क्वेअर, ऑर्डरींची नोंद गुगल डॉक्समध्ये आणि डिलिव्हरीवाला कुठे पोचला हे पाहायला ॲपलचं 'फाइंड माय फ्रेंड्स'. जेवण पोचवायलाही तेच जायचे, कॉलेज सांभाळून.

पण हे सगळं सुचण्याआधीची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ते छोट्या दुकानदारांशी बोलत फिरत होते. मॅकरून नावाची फ्रेंच मिठाई विकणाऱ्या एका दुकानात त्यांना ऑर्डरींचं जाडजूड बाड दाखवलं गेलं. घरपोच हवं म्हणणारी गिऱ्हाइकं भरपूर, पण पोचवायला माणूस नाही. म्हणजे मागणी आहे का, हा प्रश्न तिथेच निकालात निघाला होता. हे बाड न बघता जुळवाजुळव करणारे पुष्कळ असतात. त्यांची हुशारी खरी असते, फक्त ती भलत्या जागी खर्च होते.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. डिलिव्हरीचे ते सहा डॉलर घेत. तेव्हा कॅलिफोर्नियात किमान वेतन तासाला ८ डॉलर होतं. हॉटेलात थांबणं, गाडी लावणं, घर शोधणं धरून एका फेरीला पाऊण तास लागला, तर सहाचे सहा डॉलर मजुरीतच गेले. पेट्रोल वेगळं. कार्ड स्वाइप केलं की स्क्वेअरचे २.७५ टक्के, म्हणजे ३० डॉलरच्या बिलावर जवळपास ८३ सेंट, तेही वेगळे. संस्थापक स्वतः गाडी चालवतो तोवर हा तोटा दिसतच नाही. पहिला पगारी माणूस ठेवला की दिसतो.

म्हणून हाताने काम चालवताना वहीत प्रत्येक ऑर्डरपुढे वेळेच्या चार नोंदी कराव्यात: ऑर्डर आली, माणूस हॉटेलात पोचला, जेवण हातात मिळालं, गिऱ्हाइकाला दिलं. शेजारी स्वतःच्या वेळेची मजुरी चालू दराने मांडावी, खिशातून गेली नसली तरी. आठवडाभरात कळतं वेळ कुठे जातो ते. हॉटेलात थांबण्यात जात असेल तर ऑर्डर आधी फोनवर कळवायची. रस्त्यात जात असेल तर भाग लहान करायचा, म्हणजे एका फेरीत दोन डिलिव्हरी बसतात आणि मजुरी निम्म्यावर येते. सगळं शहर कव्हर करायचा मोह इथेच नडतो.

हाताने चालवलेल्या कामात आणखी दोन गोष्टी हमखास बिघडतात. पीडीएफमधले भाव जुने होतात, फरक कंपनीच्या गळ्यात पडतो. दर सोमवारी हॉटेलांना फोन करून भाव पडताळले की भागतं. आणि एकाच ऑर्डरवर दोघं निघतात, कारण शीटमध्ये ती कुणी घेतली याचा रकाना नसतो. हा रकाना पहिल्या दिवसापासून हवाच.

सॉफ्टवेअरवर पहिला पैसा घालायचा तो ऑर्डर कुणाला द्यायची हे ठरवण्याच्या कामावर. ऑर्डरी वाढल्या की फोनवरचा माणूस सगळ्यात आधी तिथेच अडतो. मेनूचं पान देखणं करायला नंतर भरपूर वेळ आहे.